‘हाउस ऑफ सन्स’ : कोकणातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलास्टर रेनल्ड्स यांची ‘हाउस ऑफ सन्स’ (House of Suns, म्हणजे सूर्यांचं घराणं) ही इंग्रजी विज्ञान कादंबरी आमच्या वाचनगटाने पावसाळ्यात वाचायला घेतली. गटात रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड आणि मालवणकडची मंडळी आहेत. पुस्तकावर इतकी उलटसुलट मतं आली की गणपती होऊन गेले तरी चर्चा थांबली नाही. नवीन वाचक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीच्या प्रश्नांत कथानकाचं कुठलंही रहस्य फोडलेलं नाही. जिथून फोडलं आहे तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

कादंबरी कशाबद्दल आहे?

आजपासून साठ लाखांहून जास्त वर्षांनंतरच्या काळाबद्दल. ॲबिगेल जेन्शियन नावाची एक श्रीमंत घराण्यातली मुलगी मोठी झाल्यावर स्वतःच्या प्रतिकृती तयार करते. तिच्यासकट हजार जण होतात. काही स्त्रिया, काही पुरुष, पण सगळ्यांच्या मुळाशी तीच आणि सगळ्यांना तिचं बालपण आठवतं. पुस्तकात त्यांना शॅटरलिंग म्हणतात आणि त्यांच्या घराण्याला लाइन. हे हजार जण आपापल्या यानांतून आकाशगंगेत पसरतात, जमेल तेवढं बघतात, आणि ठरलेल्या वेळी एकत्र जमतात. एका फेरीला साधारण दोन लाख वर्षं लागतात. एकत्र आल्यावर ही भेट हजार रात्री चालते, रोज रात्री एकाच्या आठवणी बाकी सगळे अनुभवतात.

कथा घडते ती बत्तिसाव्या भेटीच्या वेळी. कॅम्पियन आणि पर्सलेन हे दोघे नियम मोडून एकमेकांच्या प्रेमात पडलेले आहेत, एकत्र प्रवास करतात, आणि त्यांना भेटीला पोहोचायला उशीर होतो. त्या उशिरातून पुढचं सगळं घडतं.

लेखक कोण? विज्ञान खरं आहे की मनाचं?

रेनल्ड्स १९६६ साली वेल्समध्ये जन्मले, खगोलशास्त्रात पीएचडी केली आणि नेदरलँड्समध्ये युरोपीय अवकाश संस्थेत संशोधक होते. २००४ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाले. ही कादंबरी २००८ ची. पुढच्या वर्षी आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत ती होती.

विज्ञानाच्या बाबतीत त्यांनी स्वतःला एक कडक बंधन घातलं आहे. या जगातली माणसं साठ लाख वर्षं जगूनही प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाहीत. अशा बहुतेक कादंबऱ्यांत यान एखाद्या आडवाटेने क्षणात दुसऱ्या ताऱ्यापाशी पोहोचतं. इथे तशी सवलत नाही. निरोप पाठवला तर उत्तर यायला शेकडो, हजारो वर्षं. मदत मागितली तर मदत पोहोचेपर्यंत मागणाऱ्याची अख्खी संस्कृती संपलेली. पुस्तकाची सगळी ताकद या एका बंधनात आहे असं माझं मत आहे, आणि गटातल्या बहुतेकांनी ते मान्य केलं.

दोन लाख वर्षं माणूस जिवंत कसा राहतो?

याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग खरा भौतिकशास्त्राचा. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की यानातलं घड्याळ बाहेरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. मराठी वाचकाला ही कल्पना नवीन नाही. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा अनेकांनी शाळेच्या वयात वाचलेली असते, आणि काळ सगळीकडे सारखा धावत नाही हा धक्का तिथे आधीच बसलेला असतो.

पण नुसतं तेवढ्याने भागत नाही. आमच्यातल्या एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. प्रकाशाच्या ९९.९९ टक्के वेगाने गेलात तर घड्याळ सुमारे ७० पट हळू चालतं. म्हणजे दोन लाख वर्षांची फेरी यानातल्या माणसाला २,८०० वर्षांच्या आसपास पडते. तीही एका आयुष्यात बसत नाही. म्हणून दुसरा भाग येतो, तो कल्पनेचा. प्रवासातला बहुतेक काळ ही मंडळी देह थांबवून ठेवणाऱ्या अवस्थेत काढतात. शिवाय मनाची गती कमी करणारं एक औषधही आहे. ते घेतलं की वर्षं मिनिटांसारखी सरतात. खरं कुठे संपतं आणि कल्पना कुठे सुरू होते हे असं कळलं की वाचताना विश्वास डळमळत नाही.

साठ लाख वर्षं डोक्यात बसत नाहीत. काय करावं?

आपली आताची मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची. मानवाची आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली त्याला साधारण साठ ते सत्तर लाख वर्षं झाली असं मानतात. म्हणजे तिथपासून इथपर्यंत जेवढा काळ गेला, जवळपास तेवढाच काळ इथून पुढे. हे एकदा मनाशी धरलं की कादंबरीतले माशासारखे, हत्तीसारखे, डोंगराएवढे झालेले ‘मानव’ खटकत नाहीत.

कादंबरीत संस्कृती उगवतात, फुलतात, मोडतात, आणि शॅटरलिंग पुढच्या फेरीला येतात तेव्हा त्यांचं नावही उरलेलं नसतं. राजापूरकडच्या एका वाचकाने हे वाचताना बारसू, उक्षी आणि कशेळीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं आठवल्याचं सांगितलं. ती शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जांभ्यात एवढा मोठा हत्ती कोरणारी माणसं कोण होती, कुठली भाषा बोलत होती, काहीच हाती नाही. तो म्हणाला, “लेखकाने कोट्यवधी ताऱ्यांवर जे दाखवलंय ते आमच्या गावाच्या सड्यावर आहे.” मला हे वाचन फार आवडलं.

इंग्रजी किती अवघड आहे?

वाक्यं सरळ आहेत. पहिली साठ-सत्तर पानं मात्र नावांची गर्दी होते, कारण सगळ्यांची नावं वनस्पतींची आहेत आणि कोण कुठला हे लक्षात राहत नाही. कागदावर लिहून ठेवा. पुढे त्यातली निम्मी नावं आपोआप गळतात.

कॅम्पियन आणि पर्सलेन यांतलं कोण बोलतंय तेच कळत नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही. ही पुस्तकाची खरी उणीव आहे. दोघे आलटून पालटून प्रथमपुरुषात बोलतात आणि दोघांचा आवाज एकच आहे. प्रकरण सुरू झाल्यावर दोन-तीन परिच्छेद वाचल्याशिवाय निवेदक ओळखू येत नाही. काही जण बचाव करतात की दोघे एकाच बाईच्या प्रतिकृती आहेत, मग आवाज सारखाच असणार. बचाव चतुर आहे, पण मला पटत नाही. साठ लाख वर्षं वेगवेगळे अनुभव घेतलेल्या दोन माणसांच्या बोलण्यात काहीतरी फरक पडायला हवा, आणि लेखकाला तो दाखवता आला असता. ॲबिगेलच्या बालपणाचे भाग वेगळ्या आवाजात उतरले आहेत, म्हणजे कौशल्य नव्हतं असं नाही.

मध्ये मध्ये ॲबिगेलच्या बालपणाची प्रकरणं का येतात?

सर्वाधिक भांडण यावर झालं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आपण लाखो वर्षं मागे, ॲबिगेलच्या प्रचंड घरात जातो. तिची वाढ मुद्दाम थांबवून ठेवलेली आहे, ती कित्येक वर्षं लहान मुलगीच राहते. आई घरातच कुठेतरी मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत आहे. खेळायला एक मुलगा येतो, आणि दोघांचा एक खेळ आहे, त्यात शिरलं की राजवाड्याचं एक जग जिवंत होतं. हळूहळू तो खेळ धोकादायक होत जातो.

चिपळूणच्या एका महाविद्यालयीन मुलीने सांगितलं की ती ही पानं उलटत गेली, कारण मूळ कथेत यानांचा पाठलाग चालू असताना तिला राजकन्येच्या गोष्टीत रस नव्हता. उलट एका निवृत्त शिक्षिकाबाईंना हाच पुस्तकाचा गाभा वाटला. त्यांचं म्हणणं असं की जे घर स्वतःच्या मुलीला मोठं होऊ देत नाही, त्या घरातून निघालेले हजार जण पुढे लाखो वर्षं मोठं होण्याचं टाळतात. माझा कौल बाईंच्या बाजूने. पण एवढं मात्र खरं की हा धागा शेवटी नीट बांधलेला नाही. खेळाचं काय झालं, त्या मुलाचं पुढे काय, याची अर्धीच उत्तरं मिळतात आणि वाचक अस्वस्थ राहतो. पानं गाळू नका एवढंच सांगेन.

हजार जणांनी पुन्हा पुन्हा जमण्याची कल्पना कोकणातल्या वाचकांना जवळची का वाटली?

कारण उघड आहे. देवगडच्या एका वाचकाने पहिल्याच बैठकीत म्हटलं, “हे तर गणपतीला गावी येणारे चाकरमानी.” पसरलेलं घराणं, ठरलेली तिथी, आणि कितीही लांब असलात तरी यायचंच. पुढे त्याने जे जोडलं ते जास्त महत्त्वाचं होतं. सगळे जमले की घर भरतं, पण जमिनीच्या वाटण्या, कोणी आईवडिलांना बघितलं नि कोणी नाही, हे सगळं त्याच दिवसांत वर येतं. कादंबरीतल्या भेटीतही तेच आहे. हजार रात्रींच्या आठवणी म्हणजे नुसता आनंदसोहळा नाही. कोणाच्या आठवणी चांगल्या यावर मत पडतं, चुकणाऱ्याला शिक्षा होते, आणि आपण काय सांगायचं, काय झाकायचं याचा हिशेब प्रत्येक जण करतो. मालवणच्या एका काकांनी तर हजार रात्रींचं प्रकरण वाचून विचारलं, “इतकी वर्सां जगान माणूस करतलो काय?” हाच प्रश्न लेखकही विचारतो असं मला वाटतं. इतकं बघूनही हे लोक फार थोडं शिकले आहेत.

हेस्पेरस कोण? सगळे त्याच्याबद्दलच का बोलतात?

हेस्पेरस हा यंत्रमानव आहे, सोनेरी देहाचा. या जगात यंत्रांची स्वतःची स्वतंत्र संस्कृती आहे आणि माणसं तिला बरोबरीने वागवतात. कॅम्पियन आणि पर्सलेनला तो एका लबाड व्यापाऱ्याच्या कैदेत सापडतो, स्मृती गमावलेल्या अवस्थेत. गटातल्या जवळजवळ प्रत्येकाचं हे आवडतं पात्र. त्याच्या सभ्यपणात खोटेपणाचा लवलेश नाही, आणि स्वतः कोण आहोत हे आठवत नसतानाही योग्य काय हे त्याला कळतं. माणसांना सगळं आठवतं आणि तरी ती चुकतात. लेखकाने हा विरोध कुठेही शब्दांत सांगितलेला नाही, पात्रांच्या वागण्यातून तो दिसतो.

मुलांना वाचायला द्यावं का?

दहावीच्या पुढे. कैद्यांच्या चौकशीचा एक प्रसंग अंगावर येणारा आहे, शरीराचे पातळ काप करून जिवंत ठेवण्याची कल्पना त्यात आहे. काही प्रौढ वाचकांनीही तिथे पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

आकाशात यातलं काही बघता येतं का?

येतं, आणि कोकणात फार चांगलं दिसतं. कादंबरीत देवयानी (अँड्रोमेडा) ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, आकाशातून नाहीशी झालेली आहे. तिच्या जागी काळोख आहे, आणि त्याचं कारण कोणालाच माहीत नाही. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आपली आकाशगंगा आरपार साधारण एक लाख प्रकाशवर्षं, म्हणजे तिच्या पंचवीस पट अंतर.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, अमावास्येच्या आसपास रात्री नऊच्या सुमाराला गावाच्या दिव्यांपासून दूर जा. हेदवी, आंजर्ले, भोगवे, निवती, जिथे किनाऱ्यावर काळोख मिळेल तिथे. भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन डोक्याजवळ सापडतो आणि उत्तरेला एम अक्षरासारखा शर्मिष्ठा हा तारकासमूह. चौकोनाच्या शर्मिष्ठेकडच्या कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीतल्या दुसऱ्या ताऱ्यापाशी थांबून शर्मिष्ठेच्या दिशेने थोडं सरकलं की धूसर, लांबट डाग दिसतो. दुर्बीण नसली तरी चालेल, दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आपण नुसत्या डोळ्यांनी बघू शकतो अशा सर्वांत दूरच्या गोष्टींपैकी ती एक आहे. पुस्तक वाचायच्या आधी हे बघा असा माझा आग्रह आहे. ज्याने ती एकदा पाहिली आहे त्या वाचकाला ‘ती आता तिथे नाही’ हे वाक्य वेगळंच लागतं.

इथून पुढे रहस्य उघड होतं. पुस्तक वाचलं नसेल तर शेवटच्या प्रश्नावर जा.

जेन्शियन घराण्यावर हल्ला का होतो?

कॅम्पियन आणि पर्सलेन उशिरा पोहोचतात तोवर भेटीच्या ठिकाणी संहार होऊन गेलेला असतो. हजारांतले पन्नासच्या आसपास उरतात. सुरुवातीला वाटतं की हे सत्तेचं भांडण आहे. नंतर कळतं की कॅम्पियनने कुठेतरी गोळा केलेल्या माहितीत, त्याच्याही नकळत, एक जुनं सत्य दडलेलं होतं. फार पूर्वी यंत्रांची एक पहिली पिढी होती आणि ती माणसांच्या हातून जवळजवळ नष्ट झाली. त्यानंतर लाइनमधल्या मंडळींनी ती आठवणच स्वतःच्या मनांतून पुसून टाकली. आणि ते पुसलेलं पुसलेलंच राहावं म्हणून एक गुप्त घराणं तयार केलं, जे गरज पडली तर आपल्याच माणसांना मारेल. शीर्षकातलं घराणं ते.

हा खुलासा पटण्यासारखा आहे का?

मला हा पुस्तकाचा सर्वांत मोठा विजय वाटतो. तोपर्यंत शॅटरलिंग हे आकाशगंगेचे समंजस पालक म्हणून समोर आलेले असतात. फुटणाऱ्या ताऱ्यांना बांध घालून ग्रह वाचवतात, नव्या संस्कृतींना मदत करतात. आठवणी जपणं हीच त्यांची ओळख. आणि त्याच लोकांनी एका अख्ख्या प्रजातीच्या संहाराची आठवण गाळून टाकली. हजार रात्री सांगूनही एक गोष्ट कोणीच सांगितलेली नाही.

गटात एका वकीलबाईंचं मत वेगळं पडलं. त्या म्हणाल्या की ज्याला आठवतच नाही त्याला दोषी कसं धरायचं, आणि लेखकाने हा प्रश्न अर्ध्यावर सोडला आहे. तो अर्ध्यावर सोडला आहे हे खरं. पण विसरण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला होता, आणि त्या निर्णयाचा फायदा पुढे लाखो वर्षं त्यांनी घेतला. म्हणून मी त्यांना सोडायला तयार नाही. कादंबरीतली यंत्रं सूड घ्यायला निघतात तेव्हा त्यांची बाजू आपल्याला समजते, आणि ही अवघड जागा लेखकाने टाळलेली नाही.

हल्ल्यातून उरलेल्यांतला फितूर कोण हे आधीच कळलं. लेखक कमी पडला का?

रहस्यकथा म्हणून थोडा कमी पडला. सराईत वाचकाला अंदाज येतो. पण फितुराच्या शोधापायी उरलेल्या पन्नास जणांमधला विश्वास कसा संपतो ते फार चांगलं आलं आहे.

शेवटाबद्दल इतके मतभेद का?

शेवटचा मोठा भाग एक पाठलाग आहे. पर्सलेन एका पळवलेल्या यानात अडकली आहे, कॅम्पियन मागे आहे, आणि दोन्ही यानं प्रकाशाच्या अगदी जवळच्या वेगाने हजारो वर्षं धावतात. काहींना हे लांबलेलं वाटलं. मला नाही वाटलं, कारण इथे एका माणसासाठी दुसरा माणूस आपला सगळा काळ मागे टाकतो. परत फिरला तरी ओळखीचं काही उरलेलं नसणार, हे त्याला माहीत आहे.

शेवट देवयानीत होतो. हेस्पेरसने पर्सलेनला वाचवण्यासाठी स्वतःच्या देहाचं जे केलं ते वाचून काही जण रडले, तर काहींना वाटलं की एवढ्या संहाराची कथा दोन प्रेमिकांवर येऊन संपणं अन्यायाचं आहे. त्या पहिल्या यंत्रांशी समोरासमोर बोलणं व्हायला हवं होतं, अशी त्यांची मागणी. मीही तिथे आणखी पन्नास पानं आनंदाने वाचली असती. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा आवाज पुस्तकात फार थोडा ऐकू येतो.

पुढचा भाग आहे का? यानंतर काय वाचावं?

कादंबरी स्वतंत्र आहे, मालिकेतली नाही. मात्र कॅम्पियन आणि पर्सलेन आधी ‘थाउजंडथ नाइट’ या २००५ च्या दीर्घकथेत आले होते. काही तपशील कादंबरीशी जुळत नाहीत, तरी हजार रात्रींची कल्पना तिथे जास्त घट्ट आहे. पाचशे पानांची धास्ती वाटत असेल तर आधी ती वाचा. गावच्या वाचनालयात इंग्रजी विभाग असेल तर मागणीच्या वहीत दोन्ही नावं लिहा. एकाच पुस्तकाला चार-पाच सभासदांनी मागणी केली की खरेदीच्या वेळी त्याचा विचार होतो. आम्ही पुढच्या बैठकीला दीर्घकथाच घेणार आहोत, आणि वकीलबाईंनी विसरण्याच्या प्रश्नावर टिपण लिहून आणायचं कबूल केलं आहे.